बादशा आणि सासूबाईंचा उजवा डोळा

आमच्या घोड्याला साडेतीनशे पावलांपुढचं जग मान्य नव्हतं, आणि ही गोष्ट मला घोडा घरी आणल्यावर कळली.

बादशा मुरुडच्या समुद्रावर पर्यटकांना फेऱ्या मारायचा. त्याच्या मालकाने वाळूत पळवायच्या गाड्या घेतल्या आणि घोडा विकायला काढला. मी शेहेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेची मुख्याध्यापिका. मला लहानपणापासून घोडा हवा होता. माणसाच्या लहानपणापासूनच्या इच्छा लहानपणीच मेलेल्या बऱ्या असतात, पण माझी तेवढी चिवट निघाली. घर आगरदांड्याच्या रस्त्यावर, शाळा तिथून दोन किलोमीटर. म्हटलं, घोड्यावर बसून शाळेत जाईन. पोरं हजेरी तरी पूर्ण लावतील.

आमचे हे न्हावा शेवाला कंटेनर यार्डात सुपरवायझर. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. ते त्या शनिवारी आले, अंगणात घोडा बघितला, चपला काढल्या, पुन्हा घातल्या.

"हे काय?"

"घोडा."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"आपला."

"सुनंदा, घरात दोन कुत्री आहेत, आईचे डोळे गेलेत, तुझी ती ऑनलाइन माहिती रात्री बारापर्यंत संपत नाही. आणि आता घोडा?"

"मी करेन सगळं," मी म्हटलं. (नोकरी करणाऱ्या बायका हे वाक्य वर्षातून दोनदा तरी म्हणतात आणि मग ते निस्तरत बसतात.)

पहिल्याच सोमवारी मी साडी खोचून बादशावर बसले. रस्त्यावरच्या मोरीपर्यंत, म्हणजे साडेतीनशे पावलं, तो राजेशाही चालला. मोरीशी थांबला, शांतपणे वळला आणि मला घरी घेऊन आला. ओट्याला अंग लावून उभा राहिला आणि गिऱ्हाईक उतरायची वाट बघू लागला. समुद्रावरची एक फेरी तेवढीच असते, हे त्याच्या हाडात बसलेलं. मी तीनदा गेले, तीनदा परत आले. लगाम ओढून काही होईना, कारण जन्मभर त्याला कुणीतरी धरून चालवलेलं. लगाम म्हणजे त्याच्या लेखी दागिना. शेजारच्या रुखसानाभाभी कुंपणाशी दात घासत उभ्या होत्या. "बाई, चौथी फेरी कधी?" म्हणाल्या. मी त्या दिवशी चालत शाळेत गेले आणि माझ्या हजेरीपुढे लाल शेरा पडला.

उपाय सापडला तो कुत्र्यांमुळे. आमची दोन कुत्री, बोंबील आणि पापलेट. नावं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ठेवलेली, अंगकाठीवरून. ही दोघं पुढे पळाली की बादशा त्यांच्या मागे मोरी ओलांडून निमूट जायचा. का ते त्यालाच ठाऊक. तर रोजची वरात अशी: पुढे बोंबील, मागे पापलेट, त्यामागे घोडा, घोड्यावर मुख्याध्यापिका, खांद्याला डबा आणि पोषण आहाराची वही. शाळेच्या फाट्यावर मी खाली उतरायची आणि बादशाला हाताने धरून आत न्यायची. कुत्री तिथून पुढे कुठे जातात, याची मी कधी चौकशी केली नाही.

हे सगळं जमवायला मी साडेचारला उठायची. शेण, पेंढा, पाणी, चणे, कुत्र्यांची भाकरी, माझा डबा, आईंचा चहा, आईंच्या गोळ्या. शाळेत पोरं म्हणायची, बाई तुमच्या डोक्यात गवत आहे. केंद्रप्रमुख म्हणायचे, बाई तुमची माहिती अजून आली नाही. ह्यांचा फोन यायचा, आईला डॉक्टरकडे कधी नेणार? सगळ्यांचं म्हणणं खरं होतं. ज्याचं त्याचं खरं असलं की आपली बाजू घ्यायला कुणी उरत नाही.

आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आधी उजवा डोळा करायचा ठरलेला, अलिबागला. पहिली तारीख चुकली, कारण केसपेपर बादशाने खाल्ला. (मी ओट्यावर ठेवला होता. त्याची चूक नाही.) दुसरी तारीख चुकली, कारण बादशाचं पोट फुगलं आणि गुरांचे डॉक्टर येईपर्यंत मी त्याला अंगणात फिरवत बसले. डॉक्टर आले तोवर अलिबागची गाडी निघून गेली होती.

आई बादशाशी कुठे धड बोलायच्या! संध्याकाळी ओट्यावर बसायच्या, तो तोंड पुढे करायचा, त्या हाताने त्याचं तोंड चाचपायच्या आणि भाकरीचा तुकडा द्यायच्या. "मेल्या, पदर सोड माझा. काय वास मारतोय हा, सुनंदा." मी समजले, त्यांना घोडा नकोसा झालाय. आमचे हेही तेच समजले. त्यांनी रविवारी जेवताना मला सांगून टाकलं.

"तिसरी तारीख गुरुवारची आहे. ही चुकली तर घोडा जाईल. माझी आई आंधळी राहणार आणि तू घोड्यावर फिरणार, हे नाही चालायचं."

मी म्हटलं, "चुकणार नाही." मला घोडाही ठेवायचा होता आणि सासूचा डोळाही करायचा होता. दोन्ही गोष्टी एका गुरुवारवर येऊन बसल्या.

मी रजा टाकली. साडेनऊला भाड्याची गाडी सांगितली. आईंनी आदल्या दिवशीच न्हाऊन, पांढरं लुगडं काढून ठेवलं. आणि गुरुवारी सकाळी साडेसातला केंद्रप्रमुखांचा मेसेज: आज तपासणी पथक येणार, सर्व रजा रद्द, अभिलेख तयार ठेवावेत. अभिलेख कपाटात. कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये.

स्कूटर होती घरात. पंधरा मिनिटांत दुसऱ्या शिक्षकांना चावी देऊन परत आले असते. पण माझ्या डोक्यात शिरलं की आज हा घोडा काय कामाचा आहे ते दाखवून द्यायचं. आईंना म्हटलं, "आठ वाजलेत. चावी देते आणि नऊला घरात."

"घोड्यावरनं नको जाऊ गो."

"कुत्री आहेत ना पुढे."

निघालो. मोरी ओलांडली. तेवढ्यात फोन वाजला. केंद्रप्रमुख.

"बाई, कुठपर्यंत आलात?"

"रस्त्यातच आहे, सर."

"शौचालयाचे फोटो अपलोड केले का? हँडवॉश स्टेशनचे?"

मी फोटो सांगत राहिले, ते फोटो विचारत राहिले. परसबागेच्या फोटोपर्यंत आलो तेव्हा मी मान वर केली, तर शाळेचा फाटा मागे पडला होता. मी न उतरल्यामुळे कुणी थांबलंच नव्हतं. कुत्री पुढे, घोडा मागे. मी लगाम ओढला, ओरडले, "बोंबील, इकडे ये!" म्हटलं. बोंबीलने वळूनही बघितलं नाही. ही दोघं रोज आगरदांड्याच्या जेट्टीवर मासळीची डोकी खायला जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

जेट्टीवर पलीकडच्या दिघीला जाणारी मोठी बोट लागलेली. गाड्या चढत होत्या. एक बाई कोळंबीची टोपली घेऊन चढली, टोपलीमागे पापलेट, पापलेटमागे बोंबील, आणि त्यांच्यामागे लोखंडी उतरणीवर टाप टाप करत बादशा. उडी मारावी म्हटलं तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पुण्याची मोठी गाडी. मागून फळी उचलली गेली आणि बोट सुटली.

तिकीटवाला आला. त्याने घोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेन कानावरून काढलं.

"बाई, टू-व्हीलरमधी धरू का फोर-व्हीलरमधी?"

"तुम्हीच पाय मोजा," मी म्हटलं.

"दोन कुत्री तुमचीच ना?"

"नाही," मी म्हटलं. तेवढ्यात दोघं येऊन माझ्या लोंबत्या पायाशी बसली.

पुणेकरांनी मोबाईल काढले. एका बाईने विचारलं, "ही काही परंपरा आहे का इकडची?" मी हो म्हटलं. दिघीला बोट लागली, सगळे उतरले, फक्त बादशा उतरेना. समोरचा किनारा बघून तो जागच्या जागी वळून उभा राहिला. त्याच्या मते फेरी झाली होती, आता परत. पण बोट परत निघायला अवकाश होता. मी घोड्यावर बसून दिघीच्या धक्क्यावर समुद्र बघत राहिले. घड्याळात साडेनऊ वाजताना बघितले. मग पावणेदहा.

घरी फोन लावला, आई उचलेनात. त्यांना फोनवरची हिरवी खूण दिसत नाही, हे मग आठवलं. ह्यांचा फोन आला.

"निघालात का?"

"निघालेय."

"आई कशी आहे?"

"बऱ्या असतील."

"असतील म्हणजे? तू कुठे आहेस?"

बोटीचा भोंगा वाजला. भोंग्याने सगळं सांगून टाकलं. पलीकडून फोन बंद झाला.

साडेअकराला घरी पोचले तर दाराला कुलूप. घोडा बांधला, तशीच एसटीत बसले. रेवदंड्याच्या पुढे समोरून एक गाडी आली, त्यात मागे पांढरं लुगडं आणि उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारी रुखसानाभाभी. मी खिडकीतून हात हलवला. आईंना दिसणार नव्हतं आणि भाभी झोपल्या होत्या.

उलट फिरून घरी आले तेव्हा भाभींनी सगळं सांगितलं. गाडीवाला साडेनऊला हॉर्न वाजवत राहिला, आई पिशवी घेऊन ओट्यावर उभ्या, मग भाभी अंगावरच्या कपड्यांनिशी बसल्या गाडीत. "फारमवर नातं विचारलं, बाई. मी सून लिहिलं. शेजारीण लिहिलं असतं तर आत नसतं सोडलं." मी मान डोलावली. कागदावर आता माझ्या सासूच्या डोळ्याची सून भाभी आहेत, आणि त्यांनी ते काम माझ्यापेक्षा चांगलं केलं.

पथकाने त्या दिवशी बंद कपाट तपासलं. पुणेकरांचा व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर मी दिघीला असतानाच पोचला होता. वरून पत्र आलं, लेखी खुलासा करावा. मी विषय लिहिला, "घोडा बोटीत चढल्याबाबत," आणि पुढे दोन दिवस काही सुचलं नाही.

डॉक्टरांनी आईंना आठ दिवस धुळीत जायचं नाही, जनावराजवळ जायचं नाही असं बजावलं होतं. आई आतल्या खोलीत. शनिवारी हे आले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "तारीख चुकली." मी म्हटलं, "ऑपरेशन झालं की." ते म्हणाले, "तू चुकलीस." रविवारी सकाळी रोह्याकडचा एक लग्नाच्या वरातीचा घोडेवाला टेम्पो घेऊन आला. बादशा टेम्पोत चढताना खळखळ करेल असं वाटलं होतं, पण तो शहाण्यासारखा चढला. मी त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले आणि मग रडले. हे दुसरीकडे बघत होते. आईंना त्रास नको म्हणून आम्ही आवाज न करता सगळं उरकलं.

नवव्या दिवशी आई काळा चष्मा लावून, भिंतीला न धरता, एकट्या ओट्यावर आल्या. हातात भाकरीचा तुकडा होता. अंगण बघितलं, खुंटा बघितला.

"सुनंदा, घोडा कुठं गेला?"

"विकला, आई."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्यासाठीच. तुम्हाला वासाचा त्रास..."

"मी म्हटलं का, विका?"

आई खाली बसल्या.

"आम्ही लहान असताना खोताचा घोडा आला की रस्ता सोडून गटारात उभं राहायला लागायचं. मान खाली घालून. टापा ऐकायच्या नुसत्या, वर बघायचं न्हाय. आता आमच्या दारात आमचा घोडा बांधलेला, आणि मला दिसायचं न्हाय. हातानं चाचपून किती कळणार? म्हणून म्हटलं, डोळा करून घेऊ. एकदा मान वर करून बघू."

मी त्यांच्या शेजारी बसले. माफी मागितली. त्यांनी तुकडा पापलेटला टाकला. मग चष्मा वर केला आणि नव्या डोळ्याने मला केसांपासून पायांपर्यंत सावकाश बघितलं.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी रजा टाकलीये, गाडी सांगितलीये, चावी दुसऱ्या शिक्षकांकडे देऊन ठेवलीये. आता आड यायला घरात घोडा नाही. पण आईच नको म्हणतात.

"कशाला खर्च? बघायला आता तूच हाईस, आणि तू एका डोळ्यानं दिसतेस तेवढी पुरे."