कलम चार आणि पंधरा नंबरची जर्सी

आमच्या संघाचे कप्तान तिवारीजींनी फॉर्म पुढे केला, पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वकीलसाहब, बस एक साइन. बाकी सब मैंने भर दिया है."

सकाळचे सात वाजले होते. गोमती नगरच्या मैदानावरून धुकं नुकतंच उठत होतं. माजी खेळाडूंचा सामना होता आणि आमचे चौदाच जण आले होते. पंधराव्याला बायकोनं गाडीतून उतरूच दिलं नव्हतं. त्यामुळे त्याची जर्सी माझ्या अंगावर चढली होती. ती इतकी ताणली गेली होती, की पाठीवरच्या एक आणि पाच या आकड्यांमधून ई-रिक्षा सहज निघून गेली असती.

मी उत्तरेतल्या या शहरात एकतीस वर्षं दिवाणी वकिली करतोय आणि गेली बारा वर्षं इथल्या रग्बी संघटनेचा सचिव आहे. रग्बी म्हणजे लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी तुम्हाला जमिनीवर लोळवायचं. पलीकडच्या रेषेमागे चेंडू टेकवला, की त्याला 'ट्राय' म्हणतात. एवढंच. बाकीचं सगळं चिखल आणि कागदपत्रं. चिखल खेळाडूंकडे, कागदपत्रं माझ्याकडे.

त्या फॉर्मचा मसुदाही माझाच. एका सामन्यात कुणाचा तरी मेहुणा हौसेनं उतरला आणि चौथ्या मिनिटाला गळपट्टीचं हाड मोडून बसला. घरच्यांची नोटीस आली. ती मिटवता मिटवता माझे उरलेले केस पांढरे झाले. मग मी कलम चार लिहिलं: 'मी यापूर्वी रग्बीचे सामने खेळलो असून या खेळातील धोके मला अनुभवाने माहीत आहेत.' खाली सही. भाषा अशी घट्ट, की मुंगी आत शिरणार नाही. आणि आज बाहेर हत्ती उभा होता.

कारण मी आयुष्यात रग्बीचा एकही सामना खेळलेलो नाही.

आता मंडळींचा समज वेगळा होता, आणि तो कुणी करून दिला हे सांगायला नकोच. संघटनेची नोंदणी करायला सुभेदार पवार फाटकी फाइल घेऊन माझ्या चेंबरमध्ये आले होते. ते कोल्हापूरचे, फौजेतून रिटायर होऊन इथेच विकास नगरला राहिलेले, आमचे कोच. त्यांनी विचारलं, "तुम्ही खेळलाय का कधी?" मी म्हणालो, "म्हणजे काय! पुण्याला, कॉलेजात. चार जण अंगावर घेऊन ट्राय केला होता." पुढच्या वर्षी ते सहा झाले, मग नऊ. गेल्या होळीला तर माझ्या पाठीला पंचही लोंबकळत होता.

खरं सांगायचं तर मी त्या खेळाला भेटलोच पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तेव्हापासून दर रविवारी चेंडूत हवा भरायचं काम मी कुणाला देत नाही. तेवढी दोन मिनिटं तो माझ्या मांडीवर असतो.

पेन हातात होतं. मैदान वीस पावलांवर होतं. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, मी कधीच खेळलेलो नाही. पुण्याच्या सगळ्या थापा होत्या."

मग चौदाच्या चौदा जण हसत सुटले.

"अरे गजब!" तिवारीजी म्हणाले. "बारह साल में पहली बार झूठ बोल रहे हैं, वो भी इतना बेकार!"

"गुडघा दुखतोय म्हणून सांगा की सरळ," सुभेदार म्हणाले. "लाजताय कशाला?"

"अहो, देवाशप्पथ!"

"वकिलाची शपथ व्हय? ठोका सही. कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं. मी हजारभर अशिलांना सांगितलंय, तोंडानं काय वाटेल ते बोला, सही मात्र वाचून करा. मी कलम चार वाचलं. दोनदा. लिहिणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि पेनला टोपण लावलं.

आमची माणसं चौदाच उतरली. मला बाजूच्या रेषेवर झेंडा मिळाला. उत्तरार्धात चेंडू उडत बाहेर आला आणि थेट माझ्या छातीवर बसला. मी तो दोन्ही हातांनी धरला. ओला होता, जड होता, गवताचा वास येत होता. समोर रेषेपर्यंत चिटपाखरू नव्हतं. तीस यार्ड. कमी नाही, जास्त नाही. एवढा आकडा मात्र मी कधी वाढवलेला नाही.

"वकीलसाहब! बॉल!" तिवारीजी ओरडले. मी चेंडू दिला.

सामना आम्ही हरलो. पुढच्या बैठकीत तिवारीजींनी कलम चार रद्द करायचा ठराव मांडला, खास माझ्यासाठी. मी उभा राहून मेहुण्याच्या हाडाची आठवण करून दिली आणि ठराव पाडला. इतिवृत्तही मीच लिहिलं. मंडळी अजून म्हणतात, की माझा गुडघा गेलाय आणि मी मान्य करत नाही.

तरुण वकिलांना एकच सांगणं आहे. संस्थेचा फॉर्म तयार कराल तेव्हा अनुभवाच्या रकान्याखाली 'इच्छा' असाही एक रकाना ठेवा. सरसकट सगळ्यांच्या सह्या घ्या म्हणत नाही मी, पण लिहायला निदान जागा असावी.