कुमाच्या ट्रकचा दोष

दगडाला पाझर फुटेल, पण आमचा वितोमिर ‘चुकलो’ म्हणणार नाही, असं त्याची आईच म्हणायची. माझी खानावळ त्याच्या गॅरेजसमोर, त्यामुळे त्याचा तोरा मी रोज फुकटात पाहत आले. हाताला गुण होता, हे मात्र खरं. आमच्या अरिल्येच्या डोंगरातून रास्पबेरी भरून शीतगृहाकडे उतरणारा प्रत्येक ट्रक कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेला. पण गाडी बिघडली की आधी मालक गाढव ठरायचा, मग बॉनेट उघडायचं.

स्रेदोये त्याचा कूम, म्हणजे देवासमोर मानलेला सोयरा. वितोमिर त्याच्या लग्नात साक्षीला उभा राहिला आणि त्याच्या पोराचं नाव ओग्न्येन हेही त्यानेच ठेवलं. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. कुमाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वसंतात वितोमिरने स्रेदोयेच्या ट्रकचे, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून, साफ करून बसवले. ऐन हंगामात ट्रक मिसिंग मारायला लागला. जागच्या जागी असा थरथरायचा की आरशात मागचा रस्ता दिसेना. हादऱ्यांनी पेट्यांतल्या रास्पबेरीचा लगदा व्हायचा आणि शीतगृहवाले माल परत पाठवायचे.

“अरे, एकदा बघ तरी,” स्रेदोये माझ्या खानावळीत त्याला म्हणाला. “तू हात लावलास तेव्हापासूनच जरा...”

“माझ्या हाताला नावं ठेवू नकोस!” वितोमिर सगळ्यांदेखत ओरडला. “घर तापवायचं स्वस्त तेल टाकीत ओतायचं आणि मिस्त्रीला बोल लावायचे! धूरच सांगतोय. नाक असलं म्हणजे झालं.”

स्रेदोये कॉफी अर्धी टाकून उठला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ट्रकमध्ये कुणी एक पेटी चढवली नाही. भेसळ करणारा, हे नाव मात्र चिकटलं.

काही दिवसांनी त्याने सगळ्यांसमोर टाकी रिकामी केली, पंपावरचं तेल भरलं आणि ट्रक गॅरेजपुढे आणून उभा केला. तो तसाच थरथरत होता.

“आता बघ,” एवढंच तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाणी प्यायला आला.

वितोमिरने इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या तेलाच्या नळीचं नट सैल करायला सुरुवात केली. पहिलं सैल केलं तसं इंजिन आणखी लटपटलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याचं नट सैल केलं तर काही फरकच पडला नाही. आळशी हाच. इंजिन बंद करून त्याने इंजेक्टर उपसला. भोकाच्या तळाशी तांब्याचा एकच वॉशर हवा, निघाले दोन. वसंतात जुना तळाशी चिकटून राहिला होता आणि याने न बघता त्यावर नवा बसवला होता. इंजेक्टर तेवढाच वर राहिला आणि बिघाड हळूहळू वाढत गेला.

स्रेदोये परत आला तेव्हा इंजिन शांत चालत होतं आणि जुना वॉशर वितोमिरच्या खिशात होता.

“इंजेक्टर अडकला होता,” वितोमिर खाली बघत म्हणाला.

“म्हणजे तेलाचा दोष नव्हता?”

“तसं सांगता येत नाही.”

हे सगळं संध्याकाळी त्यानेच मला सांगितलं. पुढ्यातला राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, पेला तसाच. “लाज वाटते गं, स्तामेना.”

“मग मला काय सांगतोस? मी काय पाद्री आहे?” मी भडकलेच. “माझ्या खानावळीत त्याची अब्रू काढलीस, तेव्हा सगळे हजर होते. पेत्रोवदानला त्याच्या घरी सगळे जमतील. तिथे सांग!”

पेत्रोवदान हा स्रेदोयेच्या घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी आमंत्रण नसतं, यायचं तो येतो. पण देवाचा पाव त्यांच्या घरी यजमानाने आणि कुमाने मिळून मोडायचा असतो, त्यामुळे कुमाला टाळता येत नाही.

वितोमिर आला. धुतलेला शर्ट, मान खाली. दोघांनी पाव हातात धरला आणि वितोमिर थांबला.

“आधी ऐका,” तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. “तेल चोख होतं. जुना वॉशर तसाच ठेवून मी चुकलो. सापडला तेव्हा खिशात लपवला.”

“आता सुचलं होय शहाणपण!” कुणीतरी पुटपुटलं. मला त्याची कीव आली, आणि आमचीही लाज वाटली. पेट्या आम्हीच तर अडवल्या होत्या.

स्रेदोयेने पाव सोडला नाही. “नवं तेल भरूनही ट्रक थरथरला, तेव्हाच मला कळलं होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण त्याआधी तुझा शब्द खरा धरून बसलो होतो. कूम खोटं कसं बोलेल? आणि टाकी तर ओग्न्येनच भरायचा. मी त्याला विचारलं, चांगलं तेल विकून टाकीत स्वस्तातलं ओततोस का? तो नाही म्हणाला. मी मुस्काटात दिली. पुन्हा नाही म्हणाला, पुन्हा दिली. तो घर सोडून गेला.”

ओग्न्येन दूर नोव्ही साद शहरात कामाला गेलाय, असं आम्हाला सांगितलं होतं. त्याची आई टेबलापासून उठून आत गेली.

“तेलाचा दोष नव्हता का, हे मी तुला त्याच्यासाठी विचारलं होतं. तू हो म्हणाला असतास, तर त्याच दिवशी त्याला फोनवर सांगितलं असतं की तुझं नाव ठेवणारा कूमच म्हणतोय, तेल चोख होतं.”

“मी आत्ता फोन लावतो त्याला. मी बोलतो.”

“आता उचलत नाही तो. आईचाही नाही.” स्रेदोयेने पाव त्याच्याकडे सरकवला. “मोड. लोक उपाशी आहेत.”

दोघांनी पाव मोडला. वितोमिरने आपला तुकडा तोंडात घातला आणि फोन काढून ओग्न्येनचा नंबर लावला.