चेहरा साफ करण्याची माझी पद्धत

ऐंशीच्या दशकात धुळ्यात माझा फोटो स्टुडिओ होता आणि मी स्वतःला कलावंत समजत असे. इतर फोटोग्राफर लग्न उरकलं की निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात कोंबून मोकळे होत. माझं तसं नव्हतं. रीळ धुतलं, वाळलं, की पट्ट्या कापायच्या, बटरपेपरच्या पाकिटांत घालायच्या, पाकिटावर नंबर टाकायचा आणि वहीत प्रत्येक फ्रेमपुढे लिहायचं: कोण, कुठे, डोळे उघडे की मिटलेले. बायको म्हणायची, "घरातल्या किल्ल्या सापडत नाहीत, लोकांच्या वऱ्हाडातली मावशी मात्र बरोबर सापडते." मी ते कौतुकच धरून चालत असे.

पण खरा लौकिक होता रिटचिंगचा. तिरप्या काचेखाली दिवा लावायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि भिंगातून बघत टोकदार पेन्सिलीने एकेक डाग भरायचा. निगेटिव्हवर भरलेला डाग छापलेल्या फोटोत दिसेनासा होतो. देवीचे व्रण, तीळ, सुरकुत्या, सगळं जायचं. गिऱ्हाइकाने सांगायची मी वाटच पाहत नसे. सांगितल्यावर केलं तर त्यात कला ती काय! साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत मी काढलेल्या नवऱ्या मुली एकाच आईच्या पोटच्या वाटाव्यात इतक्या स्वच्छ दिसत. त्याचाही मला अभिमान होता.

एकदा साक्रीकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा आला. तो धुळ्यात कारकून होता. त्याची आई वारली होती. चार दिवसांवर तिच्या दिवसकार्याची गंधमुक्ती आली होती आणि हार घालायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्याच्या लग्नाच्या अल्बममध्येही ती नव्हती, कारण सगळे फोटोला उभे राहिले तेव्हा ती चुलीपाशी होती. ते फोटो मीच काढलेले. मी वही उघडली. दहा मिनिटांत ओळ सापडली: 'शेवटची फ्रेम. नवरदेवाची आई, मांडवाच्या खांबाशी बसलेली. डोळे उघडे.' रीळ वाया जाऊ नये म्हणून काढलेली ती फ्रेम मी कधी छापलीच नव्हती. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र माझ्या वहीचं कौतुक वाटलं, हे आज सांगायला लाज वाटते.

पुढचे दोन दिवस मी त्या चेहऱ्यावर जीव ओतून काम केलं.

गंधमुक्तीच्या आदल्या सकाळी मुलगा वडिलांना घेऊन आला. फोटो बघून तो खूश झाला. "एकदम छान आलाय. दहा वर्षांनी लहान दिसते."

म्हाताऱ्याने फोटो हात लांब करून धरला. बराच वेळ बघितला.

"हाई तुनी माय नही शे," तो मुलाला म्हणाला.

मुलगा ओशाळला. "आबा, आईच आहे. लुगडं बघा ना."

"लुगडं तिनंच शे. बाई दुसरी शे."

मला राग आला. दोन दिवस डोळे फोडून घेतले होते मी. "काय कमी आहे ते तरी सांगा, आबा," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

त्याने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "आठे गोंदेल व्हतं."

त्या भागातल्या किती बायकांच्या हनुवटीवर हिरवं गोंदण असतं, हे मला काय माहीत नव्हतं? पण काचेवर निगेटिव्ह आली की ठिपका म्हणजे डाग, एवढंच माझ्या हाताला कळत होतं. किती जणींचं गोंदण मी असं भरून टाकलं असेल, देव जाणे.

"किती ठिपके होते? मी आत्ता फोटोवर काढून देतो," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने तीन बोटं उघडली. मग चौथं उघडलं. मग सगळीच मिटली. "रोज दखं," तो म्हणाला. "मोजं कधीच नही."

मुलालाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी या फोटोला हार घालायचा होता, आणि ती कशी दिसत होती हे सांगू शकेल अशी जगात एकच वस्तू उरली होती: माझ्याकडची निगेटिव्ह, माझ्याच पेन्सिलीने लिंपलेली.

मी टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवला. जोरात घासलं तर चरा पडणार, आणि दुसरी फ्रेम नव्हती. पेन्सिलीचा थर हळूहळू सुटला.

म्हातारा बाहेर बसायला तयार होईना, म्हणून त्याला डार्करूममध्ये घेतलं. निगेटिव्ह नव्याने छापून लाल दिव्याखाली कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. आधी लुगडं उमटलं, मग डोळे, मग सुरकुत्या आणि सगळ्यात शेवटी हनुवटी. म्हातारा ट्रेवर वाकला. पाण्याला न शिवता बोट एकेका ठिपक्यावर नेत तो ओठ हलवत होता.

"पाच," तो म्हणाला. आणि मग फोटोतल्या बाईवरच चिडला, "पाच व्हतात. तू कधी सांगं नही."