छत्तीस मीटरची भानगड

किशोरी कोळीला पळायला कधीच आवडलं नव्हतं आणि हे ती कुणापासून लपवतही नव्हती. तिचं लहानपण करंज्याच्या कोळीवाड्यात गेलं. तिथल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन झपाझप चालायच्या, गुडघाभर चिखल तुडवायच्या, होडी ओढायला हात लावायच्या. पण पळायच्या त्या फक्त कुत्रं मागे लागलं तर. लग्न होऊन कामोठ्यात दोन खोल्यांचा संसार मांडला त्यालाही अठरा वर्षं झाली. एक्केचाळिसाव्या वर्षी कुणी आपल्याला शिट्टी वाजवून पळवेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात ती अकरा वर्षं गेटवर सुरक्षारक्षक होती. ट्रेलरचा नंबर लिहायचा, कंटेनरचं सील तपासायचं, ड्रायव्हरचे कागद बघायचे आणि कागद अपुरे असतील तर त्याच्या शिव्या ऐकत त्याला बाजूला लावायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी सुपरवायझरची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरून एकेक पुरुष येऊन बसला. त्यातल्या दुसऱ्याला सील कुठलं खरं आणि कुठलं पुन्हा चिकटवलेलं, हे किशोरीनेच शिकवलं. तिसऱ्यांदा जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला. आठवड्याभरात गार्डरूमच्या भिंतीवर नवा कागद लागला: सुपरवायझरसाठी शारीरिक चाचणी आवश्यक. चाळिशीपुढच्या महिलांना सोळाशे मीटर, साडेनऊ मिनिटांत.

"सुपरवायझर खुर्चीत बसतो ना गं?" गेटवरची तिची जोडीदार शकू म्हणाली. "मग पळायचं कुठे?"

"जागेपर्यंत," किशोरी म्हणाली आणि कागदाकडे पाठ करून उभी राहिली.

सुरुवातीला ती ड्यूटीचे काळे बूट घालूनच पळाली. चौथ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. मग सल्ले सुरू झाले. तिचा नवरा प्रणित पनवेल स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा चालवायचा आणि घराचा दुसरा मजला चढताना मध्ये एकदा थांबायचा. तो म्हणाला, "तू पहिल्या फेरीतच जीव काढतेस. दम राखून पळावं." खालचा दुकानदार म्हणाला, केळं खाऊन पळा. समोरची कुमुद म्हणाली, या वयात गर्भाशय सरकतं. मैदानावर चालायला येणारे एक अनोळखी आजोबा तर रोज तिला थांबवून हात कसे हलवायचे ते दाखवायचे. त्यांना नको म्हणता येईना आणि त्यांच्यापायी दोन मिनिटं जायची ती जायचीच.

या सगळ्यांवर कडी केली ती चौथ्या मजल्यावरच्या अरुंधतीताईंनी. त्या बँकेत अधिकारी होत्या. चार वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाल्यापासून पळायला लागल्या होत्या आणि तेव्हापासून पळण्याखेरीज दुसरं बोलत नव्हत्या. किशोरी बुटांत लंगडताना दिसली आणि त्यांना जणू देवच भेटला.

"उद्यापासून साडेपाचला मी बेल वाजवणार," त्या म्हणाल्या. "माझे जुने शूज तुला बसतील. आणि किशोरी, तू टाचेवर पडतेस. पायाच्या मधल्या भागावर पड."

"ताई, मी पडतच नाही. मी पळते."

"तेच ते. आणि श्वास नाकाने."

नाकाने श्वास घ्यायला गेलं की तोंड आपोआप उघडायचं. पायाकडे लक्ष दिलं की श्वास चुकायचा. शिवाय मनगटावरच्या घड्याळाकडे बघत अरुंधतीताई शेजारून सतत काहीबाही सांगत असायच्या: वेग इतका, ठोके इतके, आता खांदे सैल सोड. खांदे सैल सोडायची आज्ञा ऐकून खांदे सैल सुटल्याचं किशोरीने आजवर पाहिलं नव्हतं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. बाईंनी दोन महिन्यांत एक दिवस बेल चुकवली नाही. पहिल्या आठवड्यात किशोरीला सोळाशे मीटरना तेरा मिनिटं लागली होती. आठव्या आठवड्यात लागोपाठ तीन वेळा मोजलं. नऊ वीस, नऊ चौदा, नऊ सोळा.

"झालं," अरुंधतीताई म्हणाल्या. "आता फक्त जाऊन पळून ये."

चाचणी यार्डाच्या आतच होती. कुंपणाच्या भिंतीला लागून ट्रेलर फिरायचा रस्ता होता, त्याला चार फेऱ्या. शार्दूल सर हे यार्डाचे सेफ्टी ऑफिसर, वय जेमतेम तीस, हातात स्टॉपवॉच. सकाळी सातला पाच जणी धावल्या. किशोरी ठरल्याप्रमाणे पळाली, पहिल्या फेरीत जीव काढला नाही, तिसरीत खांदेही बहुधा सैल होते. शेवटच्या वळणाला वाटलं, अजून बरंच उरलंय. उरलंच होतं. दहा मिनिटं दोन सेकंद.

पाचांपैकी एकटी पंचवीस वर्षांची अंकिता पास झाली. तिला नियमाने कमी वेळ होता, तरी ती तेवढ्यात बसली. बाकी चौघी नापास.

"माइंडसेटचा भाग असतो, किशोरीताई," शार्दूल सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "शरीर तयार असतं, मन तयार नसतं."

घरी प्रणित म्हणाला, "टेन्शन घेतलंस." कुमुदने विचारलं, पोट साफ होतं का. अरुंधतीताईंनी तर जिन्यातच बसवून घेतलं आणि आदल्या रात्री काय खाल्लं इथपासून चौकशी केली. भात खाल्ला होता हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की किशोरीला आपण काही गुन्हाच केला असं वाटलं. तिचं डोकं फिरलं. अठ्ठेचाळीस सेकंद. मैदानावर नऊ चौदा आणि यार्डात दहा दोन, म्हणजे मधले अठ्ठेचाळीस सेकंद गेले कुठे? भाताने एवढं होत असेल तर अख्ख्या कोकणाने रांगत फिरायला हवं होतं.

रविवारी ती करंज्याला आईकडे गेली. गंगाबाई सत्तरी ओलांडून गेली होती, पण अजून उरणच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. ओट्यावर सुकट निवडत तिने लेकीचं सगळं ऐकून घेतलं. माइंडसेट म्हणजे काय ते विचारलं नाही.

"घराकडं पलतेस तवा येल बरोबर येतो?"

"तीनदा आला."

"आनि थितं नाय येत. मंग ती जागा कोनी मोजली?"

"साहेबाने मोजली असणार."

"असनार," गंगाबाई म्हणाली. "कोलंबी कमी भरली तं आदी तराजू बगतात गो. मंग कोलंबीला नावं ठेवायची."

किशोरी आईकडे बघतच राहिली. दोन महिने इतक्या माणसांनी तिची टाच बघितली, श्वास बघितला, पोट बघितलं, मनही बघितलं. जमिनीकडे कुणीच बघितलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा. या विचाराने तिला बरं वाटण्याऐवजी आणखीच राग आला.

गंगाबाईने आतून जाळ्याची जुनी नायलॉनची दोरी काढली. शेजारी काम करणाऱ्या गवंड्याकडून टेप आणला. म्हातारी हात पसरून सवयीने वाव मोजत गेली. तेरा वाव आणि वर हातभर झाल्यावर थांबली आणि म्हणाली, वीस मीटर असंल. टेप लावला तर पाच बोटं इकडेतिकडे. ती दुरुस्त करून दोन्ही टोकांना लाल दोरा बांधला. "ताण दिऊन धर," तिने बजावलं. "ढिली धरलीस तं दोरी खोटं बोलते."

सोमवारी दोनला ड्यूटी संपल्यावर किशोरी आणि शकू दोरी घेऊन यार्डात उतरल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. शकूने एक टोक खडूच्या खुणेवर दाबून धरायचं, किशोरीने दुसरं ताणून पुढे खूण करायची, मग शकूने तिथे यायचं. ज्या कडेने बाया पळाल्या होत्या तीच कड त्यांनी धरली. ट्रेलरचे ड्रायव्हर केबिनमधून मजा बघत होते. एकाने विचारलं, केबल टाकताय का. दुसऱ्याने विचारलं, प्लॉट पाडायचेत का. शकू हसत होती. किशोरीने दोघांचेही गाडी नंबर मनात टिपून ठेवले.

एकवीस दोऱ्या झाल्या आणि वर सोळा मीटर. चारशे छत्तीस.

"चुकलं असेल," शकू म्हणाली. मग त्यांनी उलट्या दिशेने पुन्हा मोजलं. चारशे छत्तीसच.

शार्दूल सरांच्या केबिनमध्ये एसी होता आणि ते लॅपटॉपवर काहीतरी भरत होते. किशोरीने सरळ विचारलं, "सर, फेरा तुम्ही कशाने मोजला होता?"

"मोटरसायकलवरून. मीटरवर पॉइंट चार आला. का?"

"तो छत्तीस मीटर जास्त आहे. चार फेऱ्यांचे एकशे चव्वेचाळीस. आम्ही सतराशे चव्वेचाळीस पळालो."

सर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. "ताई, दोरी ताणली जाते. मोटरसायकल मशीन आहे."

"मग चला. तुमच्या हातात टोक देते."

ते आले, हे मात्र खरं. शर्टाच्या बाह्या दुमडून त्या उन्हात पूर्ण फेरा वाकून चालले आणि पंधराव्या दोरीनंतर त्यांनी बोलायचं बंद केलं. शेवटचे सोळा मीटर त्यांनी स्वतः स्टीलच्या टेपने मोजले. मग घाम पुसला.

"सॉरी," ते म्हणाले. "माझी चूक आहे. तुमच्या वेगाने सोळाशेला नऊ बारा येतात."

"म्हणजे मी पास."

"हिशोबाने पास. पण निकाल हेड ऑफिसला गेलाय, तो बदलता येत नाही. चाचणी रद्द करून चौघींची पुन्हा घेता येईल. मी आजच मेल करतो."

किशोरीने डोळे मिटून घेतले. जागा त्याने चुकीची मोजली, ते सिद्ध केलं तिने, भर उन्हात तीनदा वाकून, आणि पुन्हा पळायचं कुणी, तर तिनेच. मोटरसायकलला कुणी पळवत नव्हतं. खूप काही बोलावंसं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मेलमध्ये लिहा, चूक कुणाची होती ते. नाहीतर तिकडे सगळ्यांना वाटेल, बायकांना जमलं नाही म्हणून दुसरी संधी दिली."

शार्दूल सरांनी मान हलवली. त्यांनी खरंच तसं लिहिलं. मेल तिला वाचूनही दाखवला. त्या दिवसापासून तिचा त्यांच्यावरचा राग थोडा उतरला. पूर्ण नाही.

महिन्याने पुन्हा चाचणी झाली. या वेळी फेऱ्यावर टेपने सोळाशे मीटर मोजून पांढऱ्या रंगाने खुणा केल्या होत्या आणि स्टॉपवॉच दोन होते. नापास झालेल्या चौघींपैकी एकीने अर्जच मागे घेतला होता, उरल्या तिघी. दोन फेऱ्या उत्तम गेल्या. तिसऱ्या फेरीच्या वळणावर मात्र एक ट्रेलर, चाचणी आहे म्हणून रस्ता बंद असताना, आडवा मागे येत होता. किशोरी जागच्या जागी थांबली. अकरा वर्षं ट्रेलर थांबवणारी बाई, आणि आज तिलाच थांबावं लागलं. तिने दोन्ही हात वर करून गेटवरच्या आवाजात त्याला असं काही सुनावलं की ब्रेकचा फुस्स आवाज टोकापर्यंत ऐकू गेला. त्यात आठ-दहा सेकंद गेले ते गेलेच. श्वास नाकाने की तोंडाने, टाच की चवडा, सगळं विसरून शेवटचा फेरा ती नुसत्या संतापावर पळाली. खांदे कानाला लागले होते.

नऊ अठ्ठावीस.

"ट्रेलरचे सेकंद वजा करता येतील," शार्दूल सर धावत येत म्हणाले.

"काही वजा करू नका," ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाली. "आहे ते लिहा. आता परत कुणी हिशोब करायचा नाही."

पास झालेल्यांत नोकरी तिचीच सगळ्यांत जुनी होती, म्हणून पंधरा दिवसांनी तिला सुपरवायझरचं पत्र मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिने चाचणीच्या वेळी वाहतूक कशी बंद ठेवायची याचा कागद लिहून काढला आणि तो ड्रायव्हरांना समजेल अशा हिंदीत गेटवर लावला. त्याबद्दल बक्षीस काय मिळालं, तर यापुढच्या प्रत्येक चाचणीची आखणी तिच्याकडे आली. प्रणितने स्टँडवर पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की दम राखून पळायचं त्यानेच शिकवलं. कुमुदने पेढा घेतला आणि तब्येतीला जप म्हणाली.

पळणं आता संपलं, असं किशोरीने पेढ्यांच्या दिवशीच जाहीर केलं होतं. अरुंधतीताईंनीही ते शांतपणे मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी बेल वाजवली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सव्वापाचलाच किशोरीला जाग आली. ती छताकडे बघत पडून राहिली. प्रणित घोरत होता. बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल येऊन गेली. पायांना नुसतं पडून राहवेना. ते पांघरुणाखाली आपले आपण हलत होते. चांगली दहा मिनिटं तिने पायांशी वाद घातला. मग स्वतःशीच चरफडत उठली, वेणी घातली, बूट हातात घेतले आणि दोन मजले चढून जाऊन अरुंधतीताईंची बेल वाजवली.

"चला," दार उघडताच ती म्हणाली. "पण आज तुम्ही बोलायचं नाही."