मंडळाच्या मेलची गाळणी

मेल सर्व्हर सांभाळणं हे आपलं पोटापाण्याचं काम आहे, असं माणसाने मराठी मंडळात कधीही बोलून दाखवू नये. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये मी बोलून बसलो आणि आता किस्से इतके साठलेत की ते ठेवायलाही एक सर्व्हर लागेल!

मंडळाच्या पत्त्यावर स्पॅम फार यायचा, म्हणून मी मधे एक रिले बसवला. म्हणजे मेल आधी त्या मशीनवर थांबणार, गाळला जाणार आणि मगच मेंबरांना जाणार. पहिल्याच दिवशी गणपतीचं आमंत्रण अडकलं. सेक्रेटरी नीलाताईंनी ओळीओळीत 'फ्री' लिहिलं होतं, उद्गारचिन्हांचं तर विचारूच नका.

"ताई, मशीनला ही फसवणूक वाटते."

"मग मशीनला सांग, महाप्रसाद आहे!"

*

नीलाताई मेल पाठवला की लगेच फोन करतात. "मेल पाठवलाय, बघ." रिलेमुळे मेल जरा उशिरा पोचायला लागला. मग "अजून नाही आला? थांब, परत पाठवते." एकच मेल पुन्हा पुन्हा आल्यावर रिलेने खुद्द सेक्रेटरीलाच ब्लॉक केलं. ती संध्याकाळ फार शांत गेली.

*

ढोल पथकाचा मिलिंद चिडून आला. "यार, फुकट लाखो डॉलर देणाऱ्या कुठल्यातरी राजपुत्राचा मेल आत येतो आणि माझा प्रॅक्टिसचा मेल अडकतो?"

मी तपासलं. राजपुत्राने निदान सब्जेक्ट लिहिला होता.

माझी मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट क्विट!" मनातून मलाही तेच हवं होतं.

*

दामले काका. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. रोज सकाळी सगळ्या मंडळाला फुलाचा फोटो आणि 'सुप्रभात'. उत्तर कोणीच देत नसे. उलट एकेक जण मला गाठून सांगायचा, "काकांचं तेवढं बंद कर ना. त्यांना कळू देऊ नकोस." मी इतका कंटाळलो होतो की नियम टाकून मोकळा झालो.

दोन-तीन दिवसांत मिलिंदचा फोन. "अरे, काका बरे आहेत ना? सुप्रभात नाही आलं." मग नीलाताईंचा. मग उरलेल्या सगळ्यांचे!

"अहो, मीच अडवलेत. तुम्हीच सांगितलं होतं!" असं म्हणत मशीन उघडलं. आदल्या दिवसापर्यंतची फुलं तिथे पडून होती. आजचं नव्हतं. सगळ्यांना तसं कळवलं आणि गाडी काढली.

पोचलो तर काकांच्या दारात आधीच चार गाड्या. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने काकांनी दार उघडलं. हातात चहाचा कप.

"काका, आज सुप्रभात नाही आलं," मिलिंद म्हणाला.

"आज कंटाळा केला." काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग गाड्यांकडे.

"म्हणजे... तुम्ही वाचता?"