अंधार पडायच्या आत

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक माझं, एक छोट्याचं. छोट्या म्हणजे पन्नाशी उलटलेला, दारातून आत येताना मान वाकवणारा गडी. पण त्याची आई त्याला छोट्या म्हणायची, म्हणून सगळा जिना त्याला छोट्याच म्हणायचा. मी शिवणकाम करते. कुणाची बाही आत घे, कुणाची विजार वर घे, असली किरकोळ कामं. मशीन दाराशीच मांडलेलं आहे. उजेड तिथे चांगला येतो म्हणून, आणि खोटं कशाला बोलू, जिन्यावरून कोण आलं कोण गेलं ते दिसतं म्हणूनही. तेव्हा हे सगळं बहुतेक मी माझ्या स्टुलावर बसूनच पाहिलेलं आहे.

छोट्याची नोकरी शहराबाहेर, नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या उपनगरात, दिव्यांच्या कारखान्यात. तिथे एका बिनखिडकीच्या खोलीत नव्या बल्बांच्या रांगा पेटवून ठेवतात आणि हा त्यांच्यावर नजर ठेवून बसतो. जो फडफडेल, मिणमिणेल, तो काढून टाकायचा. "मावशी, दिवसभर डोळ्यांपुढे इतका झगझगाट असतो," तो मला म्हणायचा, "की बाहेर ऊन आहे की ढग, ते बसमध्ये बसल्यावर कळतं."

सकाळी सगळी दुनिया उपनगरातून शहरात कामाला यायची आणि हा एकटा उलटा निघायचा. कारखान्यातले लोक त्याची टर उडवायचे. कारखान्याच्या मागेच कामगारांसाठी खोल्या होत्या, पुढे थोडी मोकळी जागा, वर झाडाची सावली. मागितली असती तर त्याला केव्हाच मिळाली असती. लग्न केलेलं नाही, मागे लटांबर नाही, मग शहरातल्या या कोंदट खोलीला हा का चिकटून बसलाय? त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "आई तिथून हलणार नाही." विषय संपला.

आणि आई खरोखरच हलणारी नव्हती. लग्न होऊन ती याच खोलीत आली, नवरा इथूनच गेला. रस्त्याच्या बाजूची खिडकी ही तिची जागा. समोरच्या दुकानाचं शटर किती उघडलं यावरून ती सांगायची, आज थोरला भाऊ बसलाय की धाकटा. अंधारातसुद्धा तिचा हात बरोबर दिव्याच्या बटणावर जायचा. मला ती "अगं ए शिंपिणी" अशी हाक मारायची, आणि मी ओ दिली नाही तर दारातून चिमटा फेकून मारायची. जिभेला हाड नव्हतं, पण माया भरपूर.

मग तिचं विसरणं सुरू झालं. चहात मीठ पडलं, नळ वाहत राहिला, तोवर आम्ही हसण्यावारी नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हे वाढत जाणार, औषध आहे पण उतारा नाही. तरी तिच्या विसरण्याला एक रीत होती. दिवसभर बाई ठीक असायची. मला ओळखायची, माझ्या टाक्यांना नावं ठेवायची. सूर्य बुडाला, खिडकीच्या काचेतला उजेड गेला, की तिला सगळं परकं वाटू लागायचं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. छोट्या अंधार पडायच्या आत घरी आला तर तो तिचा छोट्या. मग तो तिचा हात धरून बसला की तो हात ती रात्रीही सोडायची नाही. पण अंधार पडल्यावर आला, तर तो दारात उभा असलेला कुणीतरी परका बाप्या.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा पुलाअलीकडचं रेल्वे फाटक बराच वेळ पडलं होतं. छोट्या धापा टाकत वर आला. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण हवंय तुम्हाला?"

"आई, मी आहे."

"कुणाची आई? माझा मुलगा कामावर गेलाय. तो आला की या." आणि दार बंद.

तो दाराकडे बघतच राहिला. मी मशीन थांबवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हा लहान पोरासारखा रडणार. रडला नाही. पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत राहिला. शेवटी मीच पुढे झाले. "अहो, वीज दुरुस्त करणारे आलेत," असं सांगून मी त्याला त्याच्याच घरात शिरवलं. मग ती त्याच्याशी फार अदबीने वागली. खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि त्या वीजवाल्याला ती स्वतःच्या मुलाचं कौतुक सांगायला लागली. माझा छोट्या असा, माझा छोट्या तसा, उभ्या शहरात दिवे लागतात ते आधी त्याच्या नजरेखालून जातात. जन्मभर तिने त्याला तोंडावर एकदा शाबास म्हटलं नव्हतं. ती शाबासकी त्याला अशी ऐकावी लागली, परक्याच्या खुर्चीत बसून.

त्या दिवसापासून छोट्याचं सगळं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरू लागलं, अंधार पडायच्या आत घर गाठायचं. उन्हाळ्यात ते जमून जायचं. दिवस मोठा, बस रिकामी, हा शिट्टी वाजवत जिना चढायचा. पण पुढे दिवस आखडायला लागले. कारखान्याचा भोंगा मात्र आपल्या वेळेलाच व्हायचा. छोट्याने सुपरवायझरचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. सुपरवायझर वाईट नव्हता. तो म्हणाला, जेवणाची सुट्टी घेऊ नकोस, तेवढा आधी निघ. मग छोट्या दिव्यांसमोर उभ्याउभ्याच चार घास गिळायचा आणि बस पकडायचा. त्यावर काही आठवडे निभावले. पण सुपरवायझरला विनंती करता येते, सूर्याला कुणी करायची? तो दररोज थोडा थोडा आधी निघून जायचा.

एकदा मीच त्याच्याबरोबर बसमध्ये होते. पलीकडे एका बाईंचे कपडे पोचवायला गेले होते. परतताना फाटक पडलं. बसमधले बाकीचे पेंगत होते. छोट्या उभा राहून खिडकीतून बाहेर बघत होता. सूर्य पार खाली, गोदामांच्या छपरांना टेकलेला. "अजून आहे, मावशी," तो म्हणाला. मग म्हणाला, "अजून थोडा आहे." मग खाली बसला. मालगाडी संपता संपत नव्हती. मला त्या मालगाडीचा, त्या फाटकवाल्याचा, असला संताप आला, की खाली उतरून कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी. पण कुणाच्या? तेच तर होतं. कुणाचीच चूक नव्हती.

त्याने उपाय म्हणून कारखान्यातून खास मोठे बल्ब आणले. खोलीत, मोरीत, दारावर, सगळीकडे लावले. मला म्हणाला, संध्याकाळ व्हायच्या आधीच सगळे पेटवून ठेवा. मी पेटवले. म्हातारी डोळे मिचकावत मला म्हणाली, "काय गं, कुणाचं लग्न आहे?" आणि तिने तोंड फिरवलं खिडकीकडे. खिडकीबाहेर अंधार पडत होता. ती विश्वास ठेवायची तो खिडकीवर, बल्बवर नाही. पडदा ओढला तर घाबरून रडायला लागली. छोट्या आला, त्याने ते सगळे दिवे बघितले आणि एकेक करून मालवले. जन्मभर दिवे पारखणाऱ्याने इथे हात टेकले.

मग त्याच्या बहिणीचा फोन आला. ती लांब राहते आणि उंटावरून शेळ्या हाकते. म्हणाली, इतकी वर्षं आई हलणार नाही म्हणत बसलास, आता तिला कळतंय का काही? कारखान्यामागची खोली घे, भोंगा झाला की पाच पावलांवर घर, भर उजेडात तिच्यासमोर उभा राहशील. मला त्या बयेचा राग आला, पण तिच्या बोलण्यात खोट काढता येईना. छोट्याने मला विचारलं. मी काय सांगणार? मी म्हटलं, "बाबा रे, मला कपड्यांचं कळतं. माणसांचं नाही कळत." त्याने शहरातली खोली सोडली.

तो ज्या दिवशी त्यांचं सामान उतरवत होता, त्या दिवशी म्हातारी माझ्या स्टुलावर बसून होती. खाटेचे पाय जिन्याला घासत खाली गेले. "कुणाचं बिऱ्हाड चाललंय गं?" तिने विचारलं. मी दोरा ओवायचं सोंग केलं.

पुढे बरेच दिवस मी गेले नाही. समोर नवं जोडपं राहायला आलं, त्यांनी खिडकीत कुंड्या मांडल्या. मग एकदा मन घट्ट करून मी पलीकडे गेले. मनात म्हटलं, निदान त्याला त्याची आई तरी मिळाली असेल.

दुपार उतरत होती. खोली छानच होती. दिवसभर म्हातारीजवळ बसायला कारखान्याच्या वॉचमनची बायको होती. म्हातारीने मला ओळखलं. "शिंपिणी, तुलासुद्धा इथेच आणून बसवलं का?" मला कळेना ती असं का म्हणते. भोंगा झाला आणि छोट्या भर उन्हात दारात उभा राहिला. तिचा चेहरा असा काही फुलला, की मी मनातल्या मनात त्याच्या बहिणीची माफी मागितली.

"आलास का रे, छोट्या?" ती उठून उभी राहिली. तिची पिशवी भरलेलीच होती, तिने ती खांद्याला लावली. "चल आता घरी. किती वेळ बसायचं लोकांकडे? बरं दिसतं का?"

छोट्याने माझ्याकडे पाहिलं. "हे दररोजचं आहे, मावशी," तो हळूच म्हणाला. आधी त्याने समजावून पाहिलं होतं, हेच आपलं घर. ती इतकी रडली, की वॉचमनच्या बायकोलाही रडू आलं. एकदा त्याची नजर चुकवून ती निघून गेली, ती बस थांब्यावर सापडली. तेव्हापासून भोंगा झाला की तो तिला घेऊन शहराची बस पकडतो.

मीही त्यांच्याबरोबर निघाले. ती खिडकीपाशी बसली, त्याच्या दंडाला धरून. काय खूश होती! दुकानं बघत होती, त्याला रागावत होती की केस वाढलेत, कापून घे. तो "हो आई, हो आई" म्हणत होता. पूल आला. नदीवर शेवटचा उजेड होता. पूल संपता संपता तिचं बोलणं मंदावलं. फाटकाशी बस थांबली, बाहेर काळोख झाला. मला वाटलं होतं, उजेडात धरलेला हात ती सोडणार नाही. आधी नव्हती सोडत. पण आजार पुढे सरकला होता. आता तिने तो हात अलगद काढून घेतला, पदर सावरला आणि जरा सरकून बसली, शेजारी परका पुरुष असल्यावर बाई बसते तशी.

शहरात आल्यावर मी उतरले नाही. तीही दोघं उतरली नाहीत. बस वळली आणि आली तशी परत निघाली. छोट्या पुढे बघत बसला होता. आईची गाठ पडावी म्हणून त्याने आईची खोली सोडली, आणि त्याला मिळाला तो कारखान्यापासून पुलापर्यंतचा रस्ता. ऊन टिकेल तसा तोही कमीजास्त.

अंधारात एरवी सगळं परकं, पण प्रवास करून ज्या दाराशी न्यावं ते दार आता तिला घर वाटायचं. कारखान्यामागच्या त्या खोलीची पायरी ती अगदी ओळखीने चढली. वॉचमनच्या बायकोने आतून दार उघडलं. म्हातारी उंबऱ्यात वळली आणि तिने छोट्याला हात जोडले.

"फार उपकार झाले हो तुमचे. हल्ली कोण कुणाला दारापर्यंत सोडतं? आत या म्हटलं असतं, पण माझा मुलगा अजून आला नाही. येईलच एवढ्यात." मग तिने त्याच्या थकलेल्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही निघा आता. अंधार पडलाय. तुमची आई वाट बघत असेल."

"हो काकू," छोट्या म्हणाला. "निघतो."