किती वेळा विसरलात?

नलूच्या नवऱ्याचा, विलासरावांचा फोन आला तेव्हा मी आरेतून जाणाऱ्या बसमध्ये होते. "शुभाताई, नलू गेली. सकाळी उठलीच नाही..." हार्ट अटॅक. स्तनाच्या कॅन्सरमधून सहीसलामत बाहेर पडलेली माझी मैत्रीण अशी जाईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. महिना उलटला, तरी काही विचारायचं असलं की हात फोनकडे जातो.

मुलुंडच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी गणित. तिला प्रत्येक गोष्टीमागचं कारण हवं असायचं. केमो संपवून ती वर्गावर परतली आणि पहिल्याच आठवड्यात 'घर्षण' हा शब्द हरवला. तळहातावर तळहात घासत ती नुसती उभी राहिली. शेवटी मुलांनीच शब्द सांगितला. स्टाफरूममध्ये येऊन म्हणाली, "वाट लागली गं माझ्या डोक्याची. राजीनामा देते." हॉस्पिटलात स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या, सगळं नॉर्मल निघालं. त्याने ती जास्तच खचली. "मग मी काय नाटक करतेय?"

पुढच्या खेपेला मी सोबत होते. अशा तक्रारींवर संशोधन करणारी एक डॉक्टर तिला प्रश्न विचारत होती. गेल्या आठवड्यात बोलताना शब्द किती वेळा अडला? कधीच नाही, क्वचित, रोज... नलूचे डोळे एकदम चमकले, कितीतरी दिवसांनी. "अहो, जी विसरते तिलाच विचारताय, किती वेळा विसरलीस? मोजपट्टीच वाकडी असली तर?" डॉक्टर हसली. "असेल थोडी वाकडी. पण चाचणी आम्ही शांत खोलीत घेतो. तुमच्या वर्गातला गोंगाट तिला कुठे कळतो? आणि आठवायला किती जोर लावावा लागला, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"म्हणजे मार्क तेवढेच, दमणूक जास्त?"

"असू शकतं. तेच तर शोधतोय."

बाहेर पडल्यावर नलू कँटीनपर्यंत त्याच्यावरच बोलत होती. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. वर्गात तिने सांगून टाकलं, माझा शब्द अडला तर ओरडून सांगायचं. मुलांना झकास खेळच मिळाला. निवृत्तीपर्यंत ती शिकवत राहिली.

परवा दिंडोशीला तिच्या घरी गेले. चहा पिता पिता विलासराव म्हणाले, "ते प्रश्न तिने घरी मलाही विचारले होते. बाहेरून कसं दिसतं ते बघू, म्हणे. 'मी गॅस बंद करायला विसरते का?' मी म्हटलं, 'कधीच नाही.'"

"खरंच?"

"छे! मागून जाऊन मीच बंद करायचो. तिला वाईट वाटू नये म्हणून कळू दिलं नव्हतं. पण तिच्यापासून काय लपतंय... दुसऱ्या दिवशी मुद्दाम गॅस चालू ठेवून दाराआड उभी राहिली. मी बटण फिरवलं आणि मागून आवाज, 'सापडलास!'"

"चिडली?"

"आधी हसली. मग रडली. म्हणाली, इतके दिवस मी स्वतःला मोजत होते, त्यात तू मिसळलेला होतास रे."

कप ठेवून ते उठले, आत जाऊन गॅस बघून आले. "आता चहा मीच करतो," ते म्हणाले, "बंदही मीच करतो. तरी एकदा बघून येतो..."